तारेने बांधलेली धूरखिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण माझ्यातून वाकून कुणी कधी रस्ता पाहिला नाही, की खालच्याला हाक मारली नाही. एका सहा मजली इमारतीच्या जिन्यावर, थेट छपरातच, मी आडवी बसवलेली आहे. मला धूरखिडकी म्हणतात. माझे खरे काम आयुष्यात एखाद्याच वेळी येते आणि ते मिनिटभराच्या आत उरकावे लागते. ते काम मी केले आहे! ते सांगायचे म्हटले, की आजही माझी मोटर आपणहून फिरू लागेल की काय, असे वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. जाड काच, धातूची चौकट, भोवती रबराची कड आणि मला वर ढकलणारी एक लहानशी मोटर. वीज गेली तरी मी अडू नये म्हणून जोडीला बॅटरी दिली. एका कामगाराने मला दिवसभर उघडून-मिटून पाहिले आणि पेटीत घालताना तो म्हणाला, "जा बाई, आता सुखानं बस. तुझी गरज पडलीच नाही, तर बरंच."

मला त्याचा रागच आला होता. मला तर कामाची केवढी घाई झाली होती!

जिन्यात प्रत्येक मजल्यावर पांढऱ्या डब्या लावल्या. त्यांना धूर जाणवला, की त्या मला कळवतात. मग वर मी उघडते आणि खाली प्रवेशाचे दारही आपोआप उघडते. खालून ताजी हवा शिरते आणि धूर माझ्यातून आकाशात जातो. दर महिन्याला तपासणीवाल्या ताई येत. एका डबीखाली ताई नळकांड्यातून थोडा खोटा धूर सोडत आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहत. मी बावीस-तेवीस सेकंदांत पूर्ण उघडत असे.

सहाव्या मजल्यावर, माझ्या अगदी खाली, एक शिंपीदादा आणि त्यांची म्हातारी आई राहत. आईंचे गुडघे दुखरे. जिना त्यांच्यासाठी बंदच झाला होता. तपासणीच्या दिवशी त्या दारात खुर्ची टाकून बसत. "उघडा त्या आळशीला," त्या ताईंना म्हणत. "महिन्यातून एकदा तर हलते. माझ्यापेक्षा सुखी आहे."

वर्षे गेली. माझी रबराची कड कडक झाली, चिरली. पावसाचे पाणी ठिबकू लागले. शिंपीदादांनी इमारतीच्या व्यवस्थापकांकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा "बघतो" एवढेच उत्तर मिळाले. मग एके दिवशी दारापाशी टांगलेला, गिऱ्हाइकाचा शिवून तयार झालेला कोट भिजला. शिंपीदादांनी शिडी आणली, माझ्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि तारेचे चार वेढे देऊन मला चौकटीशी घट्ट आवळले. शिंप्याचेच हात ते. गाठ सुटण्यासारखी नव्हती. "थोडे दिवस," ते स्वतःशीच म्हणाले. ते वाईट मुळीच नव्हते, मित्रांनो. त्यांना फक्त पाणी दिसत होते; धूर त्यांनी पाहिलेला नव्हता.

पुढच्या तपासणीला डबीने मला हाक दिली. मोटरने जोर लावला, मी कण्हले, पण हलले नाही. ताईंनी मान वर केली.

"ही तार कुणी बांधली?"

"मी बांधली," शिंपीदादा कात्री हातात घेऊनच बाहेर आले. "कोट भिजवला हिनं. तुमची खिडकी आहे की गळका नळ?"

ताई चिडल्या नाहीत. त्यांनी तळमजल्यावर जाऊन बराच खोटा धूर सोडला आणि पुन्हा वर आल्या. धूर जिन्याच्या मधल्या पोकळीतून सावकाश चढला. पहिल्या मजल्यावर थांबला नाही, चौथ्यावर थांबला नाही. सहाव्यावर येऊन छताला टेकला, जायला वाट मिळेना म्हणून खाली उतरू लागला आणि शिंपीदादांच्या दारात दाटला. खुर्चीवरच्या आई दिसेनाशा झाल्या.

"अरे, मी इथंच आहे," धुरातून आवाज आला. "पण तू कुठं गेलास?"

शिंपीदादांनी धावत जाऊन शिडी आणली. ते वर चढले आणि पक्कड घेऊन तारेचे चारही वेढे त्यांनी स्वतः तोडले. त्याच आठवड्यात ताईंनी व्यवस्थापकांच्या मागे लागून माझी कड बदलून घेतली. "खरी आग लागली, तर दार लावून आतच बसायचं," असे त्यांनी आईंना बजावले.

त्यानंतर बाराव्या दिवशी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या खोकी बनवणाऱ्याच्या कोठारातून धूर निघाला. काळा, दाट, खरा! डबीने हाक दिली. वीज गेलेली, बॅटरी धावून आली. मी अंग झटकले आणि पुरी उघडले. खालचे दार उघडले, वारा आत घुसला आणि तो धूर माझ्यातून असा सुटला, की माझी काच काजळून गेली. मोटर थरथरत होती, पण तिने मला तोलून धरले.

शिंपीदादा दोरा आणायला खाली गेले होते. आई वर एकट्या. तळाशी अग्निशमन दलाच्या जवानाने दादांना दंडाला धरून थोपवले होते. पोकळीतून ते मला अंधुक दिसत होते. त्यांनी वर पाहिले. धूर विरळ झाला आणि त्यांना आकाशाचा एक चौकोन दिसला.

"उघडली," ते म्हणाले आणि जवानाला त्यांनी तो चौकोन बोट करून दाखवला.

आग विझवून जवान वर चढले. त्यांना पायऱ्या दिसत होत्या. दार लावून बसलेल्या आईंना त्यांनी त्यांच्याच खुर्चीसकट उचलून खाली आणले. कितीतरी वर्षांनी जिना उतरताना त्या मान वर करून माझ्याकडे पाहत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही जिन्यावर माझी एखादी बहीण असेल. तिच्यातून पाणी गळत असेल, तर मोठ्यांना सांगा आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका. पण तिला बांधू मात्र देऊ नका.

आता तपासणीच्या दिवशी शिंपीदादा काम बाजूला ठेवून माझ्याखाली उभे राहतात आणि मोठ्याने सेकंद मोजतात. आतून आई विचारतात, "किती?"

"चोवीस."

"मागच्या खेपेला तेवीस होते," आई म्हणतात. "ताईंना सांग, माझ्या मैत्रिणीला तेल घाला म्हणावं."