डोंगर उतरलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. पण डोंगर उतरून आलेले दार आहे! असे दुसरे दार तुम्ही पाहिले नसेल.

सुताराने तीन जाड फळ्या जोडून मला घडवले आणि डोंगरवाटेवरच्या विश्रांतीच्या खोलीला बसवले. "वादळ आलं तरी हे हलायचं नाही," तो माझी पाठ थोपटत म्हणाला होता. सुरुवातीला दरवर्षी माझ्या बिजागऱ्यांना तेल मिळे. पुढे सगळे विसरले. स्क्रू गंजले, वाटसरूंनी माझ्यावर चाकूने आपली नावे कोरली. वळणापलीकडची वाट मला फक्त त्यांच्या गप्पांतून माहीत होती.

मग ती सकाळ आली. एक नणंद आणि तिची वहिनी भांडतच वर आल्या. पाण्याची बाटली कोण विसरले, यावरून दोघींची जुंपली होती. नणंद फणकाऱ्याने माझ्याशेजारच्या दगडावर बसली आणि किंचाळली, "वहिनी, पायाला काहीतरी चावलं गं!"

"बाईसाहेब, पुरे झाली नाटकं!"

तेवढ्यात दगडाखालून जोराचा फूत्कार आला. पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेली जाडजूड घोणस! माझ्यात रक्त असते तर तिथेच गोठले असते.

खोलीतून वनरक्षक धावत आला. वाटेचा बांध रचणारे दोन मजूरही आले. एकाने फावडे उगारले. "तिला जाऊ दे रे, आधी ह्यांना बघ!" रक्षक ओरडला. वहिनी पायाला ओढणी करकचून बांधू लागली. "ताई, आवळू नका, पाय जाईल! बूट, पैंजण काढा. आणि ह्यांना एक पाऊलही चालू द्यायचं नाही." त्याने पायाला काठी लावून सैलसर बांधली, रुग्णवाहिकेला फोन केला आणि वळून माझ्याकडे पाहिले.

"हे दार काढा!"

मला! मित्रांनो, चक्क मला! पण स्क्रू हलेनात. किती मोलाची मिनिटे त्या गंजाने खाल्ली! शेवटी मजुराने पहार घातली, काडकन बिजागरी तुटली आणि जन्मभर उभे असलेले मी आडवे झाले.

नणंदेला माझ्यावर झोपवून रक्षक, दोन मजूर आणि वहिनी अशा चौघांनी मला उचलले. वळण आले आणि मागे पडले! ओढा, उतार, दरीवर घिरट्या घालणारी घार! मला नाचावेसे वाटत होते. पण अंगावर एक जीव होता. मी ताठ राहिले. नणंदेचा पाय टम्म सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते.

"बबडे, माझ्याकडे बघ. तुझ्या दादाला मी काय तोंड दाखवू?"

"सांग त्याला... बाटली तूच विसरलीस."

वहिनी रडता रडता हसली. "हो गं बाई, मीच विसरले!"

खाली रुग्णवाहिका तयार होती. त्या दोघी गेल्या, मी रस्त्याच्या कडेला राहिले. दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी रक्षक मला न्यायला आला आणि त्याचा फोन वाजला. वहिनीचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "वाचली हो! विषावरचं औषध वेळेत मिळालं. आत्ताच माझ्यावर खेकसली, चहा पांचट झालाय म्हणून!"

आता खोलीला नवे दार आहे. मला चारी कोपऱ्यांना दोर बांधून भिंतीशी तयार ठेवले आहे. मित्रांनो, डोंगरात बसण्याआधी दगडावर काठी आपटा. साप दिसला तर मागे सरा, त्याला मारू नका. चावलाच, तर कापू नका, आवळू नका, धावू नका. आडवे पडा आणि मदत बोलवा. मी येईनच. पण ती वाट फार सुंदर आहे हो! ती तुम्ही माझ्या पाठीवरून नको, आपल्या पायांनी चालत बघा.