जेवणाच्या टेबलावरचा बंदोबस्त

आमचे हे ट्रॅफिक पोलीस, तेही ऐन चौकातले. त्यामुळे लेकीच्या डॉक्टरबाईंनी नुसतं "हळूहळू" म्हणायचा अवकाश, घरात बंदोबस्त लागला.

झालं होतं असं, की पोरीनं जेवणच टाकलं होतं. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. उपाशी राहून तिचं हृदयसुद्धा अशक्त झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, की ठरवून दिलंय तेवढंच द्या. एकदम जास्त गेलं तर रक्तातले क्षार घसरतात आणि हृदय दगा देतं. जिना नाही, दगदग नाही.

मी तर हबकलेच. इतके दिवस न खाण्याची धास्ती होती, आता खाण्याचीही!

ह्यांनी जिन्याला 'प्रवेश बंद'ची पाटी लावली. जेवणाच्या वेळी युनिफॉर्म चढवून, पांढरे हातमोजे घालून टेबलापाशी उभे राहू लागले. नणंदबाई भाचीसाठी लोणी घेऊन आल्या, तर ह्यांनी शिट्टी फुंकून त्यांना स्वयंपाकघरात मागे वळवलं. सख्खी बहीण, पण पावती फाडायचीच काय ती बाकी ठेवली. शेजारीण केक घेऊन आली, तिला टेबलाला वळसा घालायला लावून थेट दाराबाहेर काढलं. मी म्हटलं, अहो, लाज आणलीत. तर म्हणे, पुढे रस्ता अरुंद आहे.

पोर मान खाली घालून मोजकं गिळायची. घासागणिक "नको" ऐकायची आम्हाला सवयच झाली होती.

परवा दुपारी सूप संपवून ती म्हणाली, "आई, भूक लागलीये. अजून दे."

माझा डाव हातातच राहिला. ह्यांचा हात सवयीनं वर गेलेला, तो त्यांनी हळूच खाली घेतला. ह्याच शब्दांसाठी हा माणूस देव पाण्यात घालून बसला होता. डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या रक्त तपासू, मग वाढवू. आज नको.

हे तिच्यासमोर खाली बसले. "आज नाही, बाळा. उद्या."

पोर भडकली. वाटी आपटली, बापाला दुष्ट म्हणाली, चिक्कू म्हणाली. स्वयंपाकघरातून नणंदबाई मध्ये पडायला निघाल्या, त्यांना मीच अडवलं. जेवणासाठी भांडणारी माझी लेक मला परत मिळाली होती, मला ते भांडण ऐकायचं होतं.

"उद्या म्हणजे उद्याच, बाबा. विसरलात तर याद राखा."

हे ढसाढसा रडत नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.