राखाडी कोट

कॉलरवरून तिनं तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली, तेव्हा नवऱ्यानं हातातली शर्टांची चळत काउंटरवर आपटली.

"पुरे की आता! कोट आहे तो, तान्हं बाळ नव्हे."

"झालंच," ती म्हणाली आणि कोपरावरचा रफू अंगठ्यानं दाबून पाहिला. रफूही तिनंच केला होता.

शाळेतल्या मास्तरांच्या अंगावर कायम दिसणाऱ्या या राखाडी कोटानं गेले दोन महिने नवऱ्याचं डोकं उठवलं होतं. लाँड्री दोघांची. मागच्या खोलीतली यंत्रं त्याची, पुढचं काउंटर तिचं. आणि त्या काउंटरची सगळ्या गल्लीत ख्याती! पावती नाही, नंबर नाही. माणसानं गठ्ठा सोडायचा, तिनं कपडे खालीवर करून बघायचे आणि लगेच नावानिशी चौकशी सुरू. "काय हो, मुलीचा पाय बरा झाला का?" गिऱ्हाईक खूश. पण मास्तर पलीकडच्या फुटपाथवर दिसले रे दिसले, की तिला गठ्ठ्याचीही गरज लागायची नाही. चेहरा असा उजळायचा की विचारू नका.

"आलात!"

एवढंच. पण ते 'आलात' नवऱ्याला यंत्रांच्या खडखडाटातही ऐकू यायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची. बारा वर्षांच्या संसारात आपल्या वाट्याला असं एकसुद्धा 'आलात' आलेलं त्याला आठवत नव्हतं. तो सदानकदा मागच्या दारानं यायचा हे खरं, पण जळणाऱ्या माणसाला असले हिशेब सुचत नाहीत.

त्यात गेल्या आठवड्यातला प्रकार. तिनं रोजच्यासारखा निळा शर्ट काढून ठेवला होता. कपाटात सात शर्ट, सातही निळे, सगळे तिच्याच पसंतीचे. त्या दिवशी त्यानं बाजारातून पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घेतला, तिथेच अंगावर चढवला, केस बारीक कापून घेतले आणि ऐटीत पुढच्या दारानं दुकानात शिरला. तिनं मान वर केली.

"बोला, काय द्यायचंय?"

काउंटरपाशी दोन बायका उभ्या होत्या. तो एक अक्षर न बोलता आल्या पावली बाहेर पडला. पट्ट्यांचा शर्ट माळ्यावर फेकला आणि रात्री जेवला नाही. 'काय झालं? काय झालं?' म्हणून ती विचारत राहिली, याचा तर त्याला जास्तच संताप आला. वर साळसूदपणा!

आता तिनं कोट हँगरला लावून त्याच्या हातात दिला.

"मास्तरांच्या घरी पोचवून येता का? उद्या शाळा सुरू होतेय त्यांची."

"तूच जा ना. तेवढाच जीव सुखावेल," तो पुटपुटला, पण निघाला.

कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या डोक्यात ते आलं. मास्तरांची आणि त्याची चण सारखी, विरळ झालेले केसही सारखेच. हा कोट घालून समोर उभं राहायचं. ती चपापेल, लाजेनं लाल होईल. मग विचारायचं, "का गं? आता का नाही हसत?" एकदा तोंडावर विचारायचंच. त्यानं निळ्या शर्टावर कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि परत फिरला.

तो दारात आला. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"आलात!"

तो उंबऱ्यातच अडखळला.

"ह्यांनी दिला वाटतं? घालूनच आलात, बरं केलंत. नाहीतर मी पुन्हा तुमचं नाव विचारलं असतं." ती हसली, मग आतल्या खोलीकडे पाहून तिनं आवाज खाली आणला. "मास्तर, तुम्ही म्हणालात ह्यांना सांगून टाका. नाही हो जमलं. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचं माझ्यासारखंच, पण तिनं आईला तरी सांगितलं. मी बारा वर्षं लपवलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला माणसाचा चेहरा लक्षातच राहत नाही? कुणाचाच राहत नाही, अगदी नवऱ्याचाही नाही?"

"हं," तो कसाबसा म्हणाला.

"लोकांचे कपडे ओळखते, म्हणून हे दुकान चाललंय. ह्यांना निळेच शर्ट आणते. पण निळे शर्ट जगात काय थोडे असतात? म्हणून खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं तीन टाके घालते. गिऱ्हाइकाचे कपडे हरवू नयेत म्हणून आपण खूण करतो ना, तशी. ह्यांना वाटतं नक्षी आहे." तिनं डोळे पुसले. "बाजारात ते तीन टाके दिसले, की जीव भांड्यात पडतो. तुमचा कोट दिसला की तसंच होतं. निदान हा माणूस तरी चुकायचा नाही!"

तो मान हलवून बाहेर पडला. कोपऱ्यावर कोट उतरवला आणि खिशाकडे पाहिलं. तीन टाके होते. त्यानं त्यांवरून बोट फिरवलं, मग मास्तरांच्या दारात कोट देऊन आला. परतताना मात्र तो मागच्या दारानं गेला नाही.

तिची नजर आधी त्याच्या खिशावर गेली, मग वर आली.

"आलात!"

तो सरळ माळ्यावर चढला. पट्ट्यांचा शर्ट शोधून, धूळ झटकून त्यानं तिच्यापुढे ठेवला.

"याच्या खिशावर पण घाल."

"काय?"

"मी हरवू नये म्हणून घालतेस ते."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर दाराकडे गेली, पुन्हा त्याच्यावर आली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. तिनं दोऱ्याचा डबा ओढला. सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यानंच तो ओवून दिला.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "त्या कोटाला यापुढे इस्त्री मी करणार."