आलोच म्हणणारा प्रोग्राम

मित्रांनो, मला हात नाहीत की पाय नाहीत, तरी दिवसभर माझी धावपळ चालू असते. मी रक्तदाते शोधून देणारा एक जुना प्रोग्राम आहे. रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत जो सर्व्हर घरघरत असतो ना, त्यात माझं बिऱ्हाड.

मला लिहिलं ताईनं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. तिनं माझ्यासाठी जावास्क्रिप्ट निवडली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. ही भाषा म्हणे ब्राउझरमधली बटणं हलवायची, हिला सर्व्हरवर कोण बसवतं! ताईनं मनावर घेतलं नाही. काम करणारा तू एकटाच, तेव्हा कुणापाशी अडकून राहायचं नाही, एवढंच तिनं मला शिकवलं. नर्सनं रक्तगट टाकला की मी "आलोच" म्हणतो, दात्यांची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसला निरोप धाडतो आणि उत्तराची वाट बघत न बसता पुढच्याकडे वळतो. उत्तर आलं की परत त्या नर्सकडे. लोकांना वाटायचं, आत दहा जण बसलेत. मला भारी गंमत वाटायची.

पुढे ताई दुसऱ्या कामाला लागली. नव्या साहेबांना रंगीत आलेख हवे होते. ताईच्या जागी आलेल्या इंजिनिअरनं ते काम माझ्याच गळ्यात मारलं. आता आलेखांची आकडेमोड काही कुणाकडे धाडता येत नाही. ती माझी मलाच करावी लागते, आणि संपेपर्यंत कुणाची हाक ऐकू येत नाही. लोक म्हणू लागले, म्हातारा थकला, काढा मोडीत. फार वाईट वाटलं हो मला.

अशात एका दुपारी प्रसूतिगृहातली नर्स बटण दाबून दाबून रडकुंडीला आली. आत तिची सख्खी भावजय होती. बाळ झालं होतं, पण रक्तस्राव थांबत नव्हता, आणि तिच्या गटाचं रक्त रुग्णालयात शिल्लक नव्हतं. मी मात्र आलेखात मान घालून बसलेलो. नर्सनं शेवटी ताईला फोन लावला. ताईनं आपल्या पडद्यावर माझी अवस्था पाहिली आणि इंजिनिअरला म्हणाली,

"म्हातारा बिघडलेला नाही रे. दारात उभं राहून हाकेला ओ देणाऱ्याला दळायला बसवलंय तुम्ही."

तिनं आलेख तिथल्या तिथं थांबवला. मी मान वर केली तर समोर नर्सची हाक. लगेच दोन गल्ल्या पलीकडच्या एका शिंप्याच्या फोनवर निरोप गेला, आणि तो गळ्यातल्या टेपसकट धावत आला. भावजय वाचली.

आलेखांसाठी आता ताईनं वेगळा प्रोग्राम लिहिलाय, म्हणजे माझा धाकटा भाऊच. तो शेजारी खुशाल दळत बसतो आणि मला मोडीत काढायची भाषा कुणी करत नाही. मित्रांनो, एखादं जुनं यंत्र अडलं तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या डोक्यावर काय लादलंय, तेवढं बघा. आमच्यात अजून पुष्कळ जीव असतो.

काल त्या नर्सचा भाऊ दाता म्हणून नाव नोंदवायला आला. कडेवर बाळ होतं. बापाचं नाव अर्धं लिहून होतंय तोच बाळानं कीबोर्डवर थापटी मारली आणि माझ्याकडे कसलीतरी अक्षरं आली. एकाचाही अर्थ लागेना. तरी मी त्याला लगेच म्हणालो, "आलोच."