तो मळ नव्हता

लग्न चार दिवसांवर आलं आणि सुकन्याच्या डोळ्यात दिशाची मान खुपायला लागली. भावाच्या मुलीचं लग्न, संगमनेरला. दिशासाठी सुकन्यानं स्वतःच्या मशीनवर घागरा आणि मागं खोल गळ्याचं ब्लाऊज शिवलं होतं. ते घालून दिशा आरशापुढं उभी राहिली, आणि मागून सगळी मान काळी दिसली. कॉलरखाली मळाचा थर बसावा तशी.

सुकन्यानं तिला तशीच न्हाणीत नेली. लिंबू झालं, डाळीचं पीठ झालं, काही फरक पडेना. शेवटी तिनं पाय घासायची वजरी उचलली.

"आई, दुखतंय."

"दुखंल न्हाई तर काय! पंधरा वर्षांची झालीस, धड आंघोळ करता येत न्हाई. लोक मला नावं ठिवतील."

"मी रोज घासते गं."

"मग हे काय हाय?"

दिशा गुडघ्यांवर डोकं टेकून बसून राहिली. वजरीखाली कातडी लाल झाली, दोन ठिकाणी रक्ताचे बारीक ठिपके आले, पण काळेपणा होता तसाच राहिला. लग्नात भर उन्हाळ्यात ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून हिंडली. कार्यालयाचा जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागलं. वहिनी आरती हसत म्हणाली, "वन्सं, दिशा लई सुटली हो अंगानं." सुकन्यानंही हसून वेळ मारून नेली. दिशा कोपऱ्यातली खुर्ची धरून मोबाईलमध्ये मान घालून बसली, ती जेवणाची पंगत बसेपर्यंत उठली नाही.

कोल्हारला त्यांचं घर रस्त्याच्या आतल्या गल्लीत. नवरा अजिनाथ टेम्पोवर पेरू आणि भाजीपाला घेऊन बाजारोबाजार फिरायचा, सुकन्या घरी ब्लाऊज शिवायची. दिशा सातवीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या संघात होती. लांब पायांची, हुलकावणी द्यायला पटाईत. संध्याकाळी सराव करून यायची ती धुळीनं माखून, आणि दारातूनच ओरडायची, "आई, भूक!"

मग एकदा गल्लीतली गोजरबाई ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "सुकन्या, पोरगी आता वयात आली. ग्राउंडवर पळती तवा पोरं कट्ट्यावर बसून बघत्यात. मी आपलं सांगितलं."

त्या संध्याकाळी सुकन्यानं दिशाचा खेळ बंद केला. दिशा रडली, जेवली नाही, शाळेतल्या बाईंना घेऊन घरी आली. सुकन्या हलली नाही. पोरीचं तोंड पडलेलं बघवेना म्हणून तिनंच अजिनाथच्या मागं लागून मोबाईल आणवला. "घे," म्हणाली, "घरात बसून काय बघायचं ते बघ. पर बाहेर न्हाई जायचं."

पोरगी गप्प झाली. शाळेतून आली की पंख्याखाली, कॉटवर, भिंतीला पाठ लावून बसायची. ताट तिथंच, फरसाणाचा पुडा तिथंच. सुकन्याला केवढं हायसं वाटलं होतं! मशीन चालवता चालवता मान वळवली की लेक डोळ्यांपुढं. "माझी दिशा उंबऱ्याबाहेर पाय टाकत न्हाई," असं ती गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायची.

लग्नाहून आल्यावर कपाट आवरताना तिच्या हाताला पॅडचे पुडे लागले. सगळे न फोडलेले. ती ते हातात घेऊन कॉटपाशी आली.

"दिशा, हे असंच कसं?"

दिशानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "येत नाही."

"येत न्हाई म्हंजे? कधीपासनं?"

"दिवाळीनंतर आलीच नाही."

सुकन्यानं आधी दार लावलं. मग लेकीचा दंड धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोन हाय तो?"

दिशाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं मोबाईल आईच्या हातात कोंबला. "बघ. सगळं बघ. मी जाते कुठं? मला कोण भेटतं?"

सुकन्यानं बघितलं. लाज न बाळगता एकेक उघडून बघितलं. नाचाचे व्हिडिओ, केकचे व्हिडिओ, मैत्रिणींच्या गप्पा, आणि मग कुठल्याकुठल्या गावच्या मुलींचे खो-खोचे सामने, एकाखाली एक. मुलगा कुठंच नव्हता. तरी तिच्या मनातलं भूत गेलं नाही.

जवळच्या दवाखान्यांत ओळखीचं कुणी दिसेल म्हणून ती भावालाही न कळवता दिशाला घेऊन एसटीनं संगमनेरला गेली. डॉक्टरीण वयानं सुकन्याएवढीच होती. दिशाला वजनकाट्यावर उभं करून तिनं कंबर मोजली. तेवढ्यात सुकन्या पुढं वाकून कुजबुजली, "मॅडम, ते... ते पन तपासा." आवाज हळू होता, पण खोली लहान होती. दिशानं ऐकलं. काही न बोलता तिनं नर्सच्या हातातली बाटली घेतली आणि आत गेली.

तसं काही नव्हतंच. डॉक्टरणीनं सांगितलं तेव्हा सुकन्यानं देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा डॉक्टरीण दिशाची ओढणी बाजूला करून मान बघत होती.

"हे खरचटलंय कशानं?"

"मीच घासली," दिशा पटकन म्हणाली. "मला वाटलं मळ आहे."

सुकन्यानं चमकून लेकीकडं बघितलं.

"मळ नाही हा," डॉक्टरीण म्हणाली. "कितीही घासलं तरी जायचा नाही. शरीरात इन्शुलिन वाढलं, म्हणजे साखर नीट वापरली जात नसली, की मान आणि काखा अशा काळ्या पडतात. पाळीही त्यानंच अडते. घरात कुणाला शुगर?"

"हिच्या आजीला हुती."

"म्हणजे थोडं रक्तातून आलंय. पण या वयात एवढं दिसायला लागलं ते बसून राहण्यानं, कमी झोपेनं, वरच्यावर खाण्यानं. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. आत्ता लक्ष दिलं तर पुष्कळ सुधारतं." मग तिनं दिशाकडं बघितलं. "दिवसभर काय करतेस बाळा?"

"मोबाईल बघते."

"खेळत नाहीस काहीच?"

"आधी खो-खो खेळायचे."

"मग सोडलं का?"

दिशानं खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. सुकन्याला वाटलं, ही आत्ताही मलाच वाचवनार.

"मीच सोडवलं," ती म्हणाली. "लोक बोलत हुते म्हनून. आन् मानही मीच घासली, मॅडम. वजरीनं."

डॉक्टरीण तपासण्यांची चिठ्ठी लिहायला लागली. चार रागाचे शब्द ऐकवले असते तर सुकन्याला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या. लोणी मागं पडल्यावर दिशा खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "तुला माझ्याबद्दल तसं वाटलंच कसं?"

"चुकलं माझं."

"बाहेर सोडलं नाहीस, तेही त्याचसाठी. आणि आतमध्ये बसले तरी तेच वाटलं."

सुकन्यानं तिच्या हातावर हात ठेवला. दिशानं हात काढून घेतला.

अजिनाथला कळलं तेव्हा तो भडकला. मोबाईल उचलून म्हणाला, "ह्या डबड्यानंच घात केला. फोडूनच टाकतो."

"ठिवा तो खाली," सुकन्या म्हणाली. "त्यानं न्हाई बसवली तिला. म्या बसवली."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे दिशाला उठवायला लागली. मशीनवरची कामं दुपारवर ढकलून दोघी भगवतीच्या देवळावरून प्रवरेच्या पुलापर्यंत चालायच्या. सुरुवातीला दिशा अर्ध्यातच बसकण मारायची. गुडघे दुखायचे, दम लागायचा, आणि ओळखीचं कुणी दिसलं की ती रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभी राहायची. मोबाईल काढून घेतला तर आदळआपट व्हायची. दिवसातून ठरावीक वेळ दिला तर तोही कमीच पडायचा. ताटातला भात कमी झाला, घरातलं फरसाण बंद झालं, आणि त्यावरूनही भांडणं झाली. सुकन्या सगळं ऐकून घ्यायची. आपल्याला बोलायचा हक्क उरला नाही असं तिला वाटायचं.

एकदा ती शाळेत जाऊन बाईंना भेटली आणि दिशाला पुन्हा संघात घ्या म्हणाली. बाई चांगल्या होत्या. "पाठवा, सरावाला येऊ दे," म्हणाल्या. घरी येऊन सुकन्यानं उत्साहानं सांगितलं.

"आता?" दिशा म्हणाली. "आता मला पळता येत नाही, आई. त्या सगळ्या पुढं गेल्या. तेव्हा खेळू द्यायचं होतंस."

सुकन्या आत जाऊन पीठ मळत बसली, आणि पिठात पाणी जास्त झालं.

पावसाळा सरता सरता दिशाची पाळी आली. तिनं ते आईला येऊन सांगितलं नाही. न्हाणीतून नुसती हाक मारून पुडा मागितला. सुकन्यानं दारातून पुडा दिला आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. नंतरच्या तपासणीत वजन थोडं उतरलं होतं. मान अजून काळी होती. ते जायला वेळ लागेल असं डॉक्टरीण म्हणाली.

त्यानंतर एका संध्याकाळी दिशानं बूट घातले. सुकन्या पदर खोचून निघाली, तशी ती म्हणाली, "तू नको येऊ. मी एकटी जाते."

"एकटी? आता तर अंधार..." सुकन्यानं वाक्य तिथंच तोडलं. "जा," ती म्हणाली.

दिशा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. सुकन्या मागोमाग वळणापर्यंत गेली, तिथून परत फिरली. मशीनवर बसली, पण सुईत दोरा काही ओवला जाईना. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तिचे कान ताठ व्हायचे. जाऊन बघावं असं शंभरदा मनात आलं, आणि प्रत्येक वेळी तिनं स्वतःला खुर्चीवर धरून ठेवलं.

दिशा आली तेव्हा अंगातला शर्ट घामानं भिजला होता. माठातलं पाणी ती उभ्यानंच प्यायली.

"कुठपर्यंत गेल्तीस?" सुकन्यानं विचारलं.

"पुलाच्या पलीकडं."

"बरं वाटलं?"

दिशानं तांब्या पालथा घातला. "उद्या पण मी एकटीच जाणार आहे," ती म्हणाली, आणि पाय धुवायला मागं गेली.