हॅगशॉच्या माळावरचा शेवटचा खांब

रविवारी सकाळी पावणेअकरा वाजता नेव्हिल क्रॅब्ट्रीला हॅगशॉच्या माळावर, त्याच्या शेवटच्या खांबाच्या अगदी समोर, अडवण्यात आलं. अडवणारी त्याची बायको होती.

मोजणीवाल्यांनी कधीकाळी डोंगरमाथ्यांवर उभारलेले हे काँक्रीटचे खांब आता कुणाच्याच कामाचे नाहीत. उत्तर इंग्लंडातल्या अशा सगळ्या खांबांना नेव्हिल हात लावून आला होता. राहिला होता हा एक. गुरुवारी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर चढण कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशा खांबांना हात लावत फिरणाऱ्यांच्या क्लबचा सेक्रेटरी रॉय पिकल्स साक्षीला आला होता, पाठीवरच्या पिशवीत केक घेऊन.

पण खांबाच्या बुडाशी, तडकलेल्या खोबणीत, पांढऱ्या गळपट्ट्याच्या कस्तूर पक्ष्याने घरटं केलं होतं. त्याभोवती दोरी, आणि दोरीपाशी राखणदार स्वयंसेवकाचं हिरवं जाकीट घातलेली ग्लेनिस.

"सर, कृपया मागे व्हा," ती म्हणाली.

"ग्लेनिस, मी आहे."

"दिसतंय मला, सर. आत पिल्लं आहेत."

"सकाळी तूच सँडविचं बांधून दिलीस! तेव्हा का नाही बोललीस?"

"घरट्याची जागा गुप्त असते. पाहुण्यांना सांगत नाहीत."

"मी पाहुणा?"

"आपण पाहुणेच, सर."

नेव्हिलने रॉयकडे पाहिलं. "काठी टेकवली तर चालेल?"

"उघडा तळहात. नियम आहे. आपल्या क्लबातल्या अर्नेस्टने हातमोजा घातला होता, त्याला परत पाठवला होता आपण."

"तेव्हा बर्फ पडत होता, रॉय!"

"म्हणून तर पाठवताना वाईट वाटलं."

दुपारी ग्लेनिसने जाकीट काढलं आणि थर्मास उघडला. "दुखतोय का रे गुडघा? बस जरा. चहा घे."

"मग सोड ना आत."

"थांब हं, जाकीट घालते," ती म्हणाली. घातलं, चेन लावली. "नाही, सर."

चार वाजता तिची ड्युटी संपली. नेव्हिलचा चेहरा खुलला. दुसरा कुणीही आला तरी त्याला पटवता आलं असतं.

"आता कोण येणार?"

"तू. नाताळात मला खूश करायला राखणदारांच्या यादीत नाव दिलं होतंस, विसरलास?" तिने जाकीट त्याच्या अंगात चढवलं. बाह्या आखूड पडल्या. मग ती उतरून गेली.

रॉय कुजबुजला, "गेली ती. लाव हात."

नेव्हिलने दोरीवरून पाय उचलला. खांबावर नर बसला होता, चोचीत गांडूळ. तो नेव्हिलकडे बघत राहिला. नेव्हिलने पाय खाली ठेवला.

"ड्युटीवर आहे मी."

"मग जाकीट काढ."

"ते फक्त जेवणाच्या सुट्टीत काढता येतं."

"तर मग केक खाऊ या. झाली सुट्टी!"

"केक खांबाला हात लावल्यावर कापायचा, असं ठरलंय. ठराव तूच मांडलास."

रॉयने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तसं म्हटलं तर हा खांब माझाही राहिलाय. तू जरा तिकडे तोंड कर." आणि त्याने दोरीला हात घातला.

"सर," नेव्हिल म्हणाला, "कृपया मागे व्हा."

"नेव्हिल, तीस वर्षांची दोस्ती आपली!"

"दिसतंय मला, सर."

बुधवारी संध्याकाळपर्यंत हाती आलेली माहिती अशी: पिल्लं उडाली. दोरी सोडायला ग्लेनिस वर गेली तेव्हा मादी चोचीत ओलं गवत घेऊन त्याच खोबणीत शिरत होती. म्हणजे दुसरी वीण. दोरी आहे तिथेच आहे. ऑपरेशन पुढे ढकला म्हणून नेव्हिलने हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी कारण विचारलं. जागा गुप्त असल्यामुळे त्याला ते सांगता आलं नाही. विचारून कळवतो, असं तिकडून सांगण्यात आलं. अजून फोन आलेला नाही. केक कापलेला नाही.