बारकीची पेन्सिलीची ओळ

मी एक जुने कार्ड आहे, पोस्टकार्डाएवढे. विज्ञानाच्या शब्दकोशासाठी एकेका शब्दाला एकेक कार्ड मिळाले, तेव्हा माझ्या वाट्याला ‘सदिश’ आला. शेजारचे ‘समीकरण’ एका दुपारीच हातावेगळे झाले. मी मात्र दोन वर्षे खोळंबून राहिले.

मित्रांनो, माझ्यावर काम करणारे दोघे बहीणभाऊ होते. भाऊ भौतिकीचे मास्तर, बहीण गणिताच्या बाई. बाईंचे केस पिकले तरी मास्तर त्यांना ‘बारके’च म्हणत. त्या टेबलावर एक रीत होती. आपला अर्थ आधी पेन्सिलीने लिहायचा. दुसऱ्याला पटला, की त्याने त्याच अक्षरांवर शाई फिरवायची. शाई नसलेली ओळ छापायला जात नसे.

मास्तरांनी लिहिले: ‘परिमाण आणि दिशा दोन्ही असलेली राशी.’ दार ढकलायचे तर किती जोराने आणि कोणत्या बाजूला, हे दोन्ही सांगावे लागते, तसे; म्हणून मास्तर सदिश नेहमी बाण काढून दाखवत. बाईंनी लगेच शाई फिरवली. मग खाली आपली ओळ लिहिली: ‘ठरलेल्या नियमांनी आपसांत बेरीज आणि संख्येने गुणाकार करता येणाऱ्या कुळातला कोणताही घटक.’

“कोणताही? म्हणजे ‘क्ष वर्ग अधिक दोन क्ष’ असली बहुपदीसुद्धा?” मास्तर उखडले. “तिला कुठली आलीय दिशा? तुझ्या बहुपदीला एक दार ढकलून दाखवायला सांग, मग बोलू.”

“तुझी दारं उघडायला नाही जन्मली ती,” बाई म्हणाल्या. “दादा, तुझे बाण माझ्या कुळात आहेतच रे. मी बाकीच्यांनाही घरात घेतलं, एवढंच.”

रोज हाच वाद, रोज चहा गार. खरे सांगू? मास्तरांना ते आठवड्याभरातच पटले होते. पण बहिणीशी भांडण्यात जी मजा, ती मान डोलावण्यात कुठली?

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्यांचा फोन आला.

“दादा, फिरवलीस का रे शाई?”

“आधी बरी होऊन ये. भांड माझ्याशी, मग फिरवतो.”

भांडण शिल्लक ठेवले की तिला यावेच लागेल, असे त्या शहाण्या माणसाला वाटले. बाई आल्या नाहीत.

त्यानंतर मास्तर रोज मला खणातून काढत आणि बाईंच्या ओळीवरून अंगठा फिरवत. मलाही बरे वाटे. ती पेन्सिल आहे, हे आम्ही दोघेही विसरलो. सहा महिन्यांनी छापखान्याने कार्डे मागवली. मास्तरांनी पेन उघडले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. ओळीच्या जागी नुसता करडा डाग होता.

“मीच पुसलं गं तुला,” असे म्हणून ते ढसाढसा रडले.

अर्थ त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनी शाईने लिहिला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पटलं गं, बारके.” पुस्तकात दोन्ही अर्थ छापून आले. पण बाई पेन्सिल दाबून लिहीत. त्यांच्या अक्षरांचे वळ अजून माझ्या अंगात आहेत. मास्तरांना ते दिसले नाहीत. त्यांची शाई जरा वरूनच गेली. ‘थोडे खाली, मास्तर,’ असे मला ओरडायचे होते. कार्डाला कुठला आवाज!

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणाचे म्हणणे पटले असेल, तर त्याला ऐकू जाते आहे तोवर सांगा. मास्तरांनी ते शेवटी मला सांगितले. मी ऐकून काय करणार होते?